इंग्लिश खाडीखालचा बोगदा: बांधताना पाण्याची धास्ती, चालवताना हवेची

लंडनहून पॅरिसला पहिल्यांदाच रेल्वेने जाणाऱ्यांची हमखास निराशा होते. समुद्राखालून जायचं म्हणून हौसेने खिडकीची जागा धरावी, आणि बाहेर वीसेक मिनिटं नुसता काळोख. मासे नाहीत, पाणी नाही, वरून जाणाऱ्या जहाजांचे तळ नाहीत. गाडी समुद्रातून जातच नाही, तर दिसणार काय? ती समुद्राच्या तळाखालच्या खडकातून जाते. गाडीचं छप्पर आणि समुद्राचा तळ यांच्यामध्ये साधारण ४० ते ५० मीटर जाडीचा खडक असतो. सर्वांत खोल जागी बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ११५ मीटर खाली आहे.

आपल्याकडे इंग्लिश खाडी माहीत आहे ती मुख्यतः पोहण्याच्या विक्रमांमुळे. ती जिथे सर्वांत अरुंद आहे, तिथे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं अंतर सुमारे ३३ किलोमीटर. हा बोगदा, म्हणजे चॅनल बोगदा, याच भागात आहे. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या फोकस्टनजवळ तो जमिनीत शिरतो आणि फ्रान्समध्ये कॅलेजवळच्या कोकेल इथे वर येतो. एकूण लांबी ५०.४५ किलोमीटर, त्यातले जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राखाली. जपानचा सेइकान बोगदा एकूण लांबीत याच्याहून मोठा आहे, पण त्याचा समुद्राखालचा भाग २३ किलोमीटरच आहे. समुद्राखालच्या लांबीत चॅनल बोगदा पहिलाच.

एवढा लांब बोगदा समुद्राखाली काढायचा म्हटल्यावर पहिला प्रश्न कुणालाही पडेल: पाणी आत कसं येत नाही? या प्रश्नाचं उत्तर यंत्रांपेक्षा खडकात जास्त आहे.

खडकाची निवड

डोव्हरचे पांढरेशुभ्र कडे फोटोत सगळ्यांनी पाहिलेले असतात. ते खडूचे आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात सूक्ष्म शैवालांची चुनखडीची कवचं तळाशी साचत गेली आणि त्यांचा हा खडू झाला. असेच कडे पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरही आहेत. ब्रिटन एकेकाळी युरोपला जोडलेलंच होतं. मधली जमीन हिमयुगात पुराच्या पाण्याने कापली गेली आणि खाडी तयार झाली. वरची जमीन गेली, पण खालचे खडकांचे थर एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत तसेच राहिले.

पांढरा खडू बोगद्याच्या कामाचा नाही. त्याला भेगा असतात आणि भेगांतून पाणी झिरपतं. पण त्याच्या खाली एक राखाडी थर आहे, खडू आणि चिकणमाती एकत्र मिसळलेला. भूशास्त्रज्ञ त्याला चॉक मार्ल म्हणतात. या थरात बोगदा खोदणाऱ्याला हवं ते सगळं आहे. चिकणमातीमुळे त्यातून पाणी सहज जात नाही. तो इतका मऊ आहे की यंत्राने भराभर कापता येतो. आणि कापल्यावर लगेच कोसळतही नाही, अस्तर बसवायला वेळ देतो. त्याच्याही खाली गॉल्ट नावाची निव्वळ चिकणमाती लागते. ती फुगते, दाबाखाली सरकते, तिच्यात शिरण्यात अर्थ नाही. म्हणजे वर गळका खडू, खाली सरकणारी चिकणमाती आणि मधे पंचवीस-तीस मीटर जाडीचा हा उपयोगी थर. बोगदा या थरात ठेवायचा, शक्यतो त्याच्या खालच्या भागात, हा सगळ्या आराखड्याचा पाया होता.

म्हणूनच बोगदा सरळ रेषेत नाही. थर जसा खाली जातो, वळतो, तसा बोगदाही खाली जातो आणि वळतो. इंग्लंडच्या बाजूला थराचा उतार मंद आहे. फ्रान्सच्या बाजूला तो जास्त तीव्र आहे, तिथला खडक अधिक भेगाळलेला आहे आणि किनाऱ्याजवळ तर चॉक मार्ल गाठायच्या आधी पाणी भरलेल्या खडूतूनच जावं लागतं. त्यामुळे एकाच बोगद्यासाठी दोन देशांत दोन वेगळ्या जातीची यंत्रं लागली. त्याबद्दल पुढे येईलच.

समुद्राखालून रस्ता नेण्याची आणखी एक पद्धत आहे. तळाशी चर खणायचा, किनाऱ्यावर तयार केलेले काँक्रीटचे अवाढव्य तुकडे तरंगत नेऊन त्यात बुडवायचे, एकमेकांना जोडायचे आणि वरून भर टाकायची. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणाऱ्या ओरेसुंड मार्गाचा बोगदा असाच आहे, आणि डेन्मार्क ते जर्मनी हा फेहमर्नबेल्टचा १८ किलोमीटरचा बोगदाही याच पद्धतीचा. पण इंग्लिश खाडीचा हा भाग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. तिथे वर्षानुवर्षं तळ खणत बसणं म्हणजे जहाजांच्या वाटेत ठाण मांडणं. खालचा खडक एवढा चांगला असताना त्याची गरजही नव्हती.

सेनापतींनी बंद पाडलेलं काम

हा थर बोगद्याला योग्य आहे हे लोकांना खूप आधीपासून कळलं होतं. १८०२ मध्ये आल्बेर माथ्यू या फ्रेंच अभियंत्याने घोडागाड्यांसाठी तेलाच्या दिव्यांचा बोगदा सुचवला होता, मधे घोडे बदलायला कृत्रिम बेटासकट. ती कल्पनाच राहिली. पुढे तोमे द गामों या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने आयुष्याची कित्येक वर्षं या एका ध्यासात घालवली. १८५५ मध्ये तो अंगाला वजनं बांधून स्वतः खाडीत बुड्या मारत होता, तळाच्या खडकाचे नमुने आणायला. पाणबुडीचा पोशाख नाही, प्राणवायूची नळी नाही. आजच्या भूसर्वेक्षण अहवालांमध्ये अशा मजा राहिल्या नाहीत.

प्रत्यक्ष खोदकाम झालं ते १८८०च्या सुमाराला. ब्रिटनमधले रेल्वेसम्राट एडवर्ड वॉटकिन यांनी डोव्हरजवळच्या शेक्सपिअर क्लिफ या कड्यापासून काम सुरू केलं. कर्नल बोमाँट यांचं नाव लागलेलं, दाबलेल्या हवेवर चालणारं फिरतं यंत्र सुमारे दोन मीटर व्यासाचा बोगदा कापत पुढे गेलं. इंग्लंडच्या बाजूने १,८०० मीटरच्या वर आणि फ्रान्समधल्या सांगात इथून १,६०० मीटरच्या वर खोदाई झाली. वॉटकिन बड्या पाहुण्यांना खाली नेऊन शॅम्पेनच्या मेजवान्या देत. तांत्रिक अडचण म्हणावी अशी काही आली नव्हती. १८८२ मध्ये काम थांबलं ते ब्रिटिश सैन्याच्या भीतीमुळे. लेफ्टनंट जनरल वोल्सली यांच्यासारख्या सेनाधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की शत्रू या भोकातून रात्रीत इंग्लंडात उतरेल. गरज पडली तर बोगदा पाण्याने भरून टाकू, उडवून देऊ, असं वॉटकिन सांगत राहिले, पण सरकारने ऐकलं नाही.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं दर पिढीत कुणीतरी हा विषय उकरून काढत होतं. १९७४ मध्ये तर पुन्हा खोदाई सुरूही झाली. जानेवारी १९७५ मध्ये हॅरोल्ड विल्सन यांच्या सरकारने पैशांच्या चणचणीमुळे ती रद्द केली. तेव्हा खणलेली वाट पुढच्या वेळी कामाला आली, एवढंच.

अखेर १२ फेब्रुवारी १९८६ रोजी कँटरबरी इथे दोन्ही देशांनी करार केला. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ दोघंही हजर होते. थॅचरबाईंची अट स्पष्ट होती: सरकारी तिजोरीतून एक पैसा मिळणार नाही, सरकारी हमीही नाही. खासगी कंपनीने पैसा उभारायचा, बोगदा बांधायचा आणि ठरावीक वर्षं चालवून वसूल करायचा. या अटीने पुढे किती रडवलं ते शेवटी पाहू.

स्पर्धेत आलेल्या इतर प्रस्तावांत पूल होते, पूल आणि बोगदा यांचं मिश्रण होतं, मोटारींसाठीचा बोगदाही होता. मोटारींचा बोगदा लोकांना आवडला असता. पण हजारो इंजिनांचा धूर ५० किलोमीटर लांब नळीतून बाहेर काढणं त्या काळी फार अवघड होतं, आणि काळोख्या एकसुरी रस्त्यावर चालकांना डुलकी लागण्याचा धोका वेगळाच. म्हणून निवड झाली ती रेल्वेच्या बोगद्याची, आणि मोटारी व ट्रक चालवत नेण्याऐवजी रेल्वेच्या डब्यांत चढवून नेण्याची.

अकरा यंत्रं, दोन स्वभाव

खोदाईचं यंत्र, म्हणजे टीबीएम, आता मुंबई-पुण्याच्या मेट्रोमुळे आपल्याला अनोळखी राहिलेलं नाही. पुढे फिरणारी कर्तक चकती, तिच्यामागे पोलादी कवच, आणि त्याच्या मागे काँक्रीटचे वक्र तुकडे एकेक करून कड्यासारखे बसवणारी यंत्रणा. त्याच्याही मागे दगडमाती वाहून नेणारे पट्टे, पंप, विजेच्या तारा, माणसं. चॅनल बोगद्यासाठी अशी अकरा यंत्रं वापरली, सहा ब्रिटिश बाजूला आणि पाच फ्रेंच बाजूला.

ब्रिटिश यंत्रं कोरडा खडक गृहीत धरून बनवली होती. त्यांची पुढची बाजू उघडी. यंत्र आजूबाजूच्या खडकाला पाय रोवून पुढे रेटा देई, आणि मागे काँक्रीटचे तुकडे थेट उघड्या खडकाला टेकवून, शेवटी पाचरीसारखा एक तुकडा ठोकून घट्ट बसवले जात. बोल्ट नाहीत, काही नाही. काम झपाट्याने होई. पण सुरुवातीच्या काही किलोमीटरांत समुद्राखाली अनपेक्षितपणे भेगाळलेला ओला खडक लागला, वरचे तुकडे निखळू लागले आणि खारं पाणी यंत्रावर पडू लागलं. वेळापत्रक तिथेच मागे पडलं.

फ्रेंचांनी पहिल्यापासूनच पाणी येणार असं धरलं होतं. शंभर मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहापट होतो. त्यांच्या यंत्रांची पुढची बाजू बंद करता येई. कापलेला मलबा बंद कप्प्यात ठेवून त्याचाच दाब समोरच्या पाण्याला रोखायला वापरायचा, आणि मलबा स्क्रूसारख्या नळीतून थोडा थोडा मागे घ्यायचा. अस्तराचे तुकडे बोल्टने जोडलेले, सांध्यांत रबराची पट्टी. चांगला खडक लागला की तेच यंत्र उघडं चालवता येई. फ्रेंच लोकांनी आपल्या यंत्रांना ब्रिजित, कॅथरीन, व्हर्जिनी अशी बायकांची नावं दिली होती. ब्रिटिशांनी नुसते क्रमांक दिले. यावरून दोन देशांच्या स्वभावाबद्दल काय म्हणायचं ते ज्याचं त्याने म्हणावं.

मलब्याची विल्हेवाट हाही मोठा उद्योग होता. इंग्लंडच्या बाजूला शेक्सपिअर क्लिफच्या पायथ्याशी समुद्रात भिंत घालून तिच्या आत सुमारे ४९ लाख घनमीटर मार्ल टाकला. त्यातून ३० हेक्टर नवी जमीन तयार झाली. तिला सँफायर हो म्हणतात. आता तिथे गवत आहे, फुलपाखरं आहेत, फिरायला लोक येतात. फ्रान्समध्ये सांगात इथे ५५ मीटर व्यासाची प्रचंड विहीर खणली होती. तिच्या तळाशी मलब्यात पाणी घालून लगदा करत आणि तो पंपाने वर चढवून टेकडीवरच्या बांधामागे सोडत.

ऐन भरात हजारो माणसं कामावर होती. दहा कामगारांचा जीव गेला, त्यातले आठ ब्रिटिश.

मधे गाठ कशी पडली

दोन बाजूंनी निघालेले बोगदे समुद्राखाली समोरासमोर येणार कसे, हा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत आवडतो. जमिनीखाली उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही. म्हणून आधी जमिनीवर दोन्ही किनाऱ्यांवरचे मोजणीचे बिंदू उपग्रहांच्या मदतीने एकमेकांशी पक्के जुळवले. आणखी एक गुंता होता. समुद्रसपाटी ब्रिटन कॉर्नवॉलमधल्या न्यूलिन बंदरावरून मोजतो, फ्रान्स भूमध्य समुद्रावरच्या मार्सेवरून. दोघांचं शून्य सारखं नाही. त्यामुळे केवळ या बोगद्यासाठी नकाशाची आणि उंचीची एक सामाईक पद्धत ठरवली गेली. तिथून पुढे बोगद्यात लेसरचा किरण यंत्राला दिशा दाखवी आणि मोजणीदार टप्प्याटप्प्याने ती तपासत पुढे जात.

ऑक्टोबर १९९० च्या शेवटी, तीन समांतर बोगद्यांपैकी मधल्या छोट्या बोगद्यातून समोरच्या बाजूला एक बारीक भोक पाडून पाहिलं. १ डिसेंबर १९९० रोजी इंग्लंडचे ग्रॅहम फॅग आणि फ्रान्सचे फिलिप कोझेत या दोन कामगारांनी मधला शेवटचा खडक फोडून हात मिळवले. चूक किती निघाली? आडवी ३५८ मिलिमीटर, उभी ५८ मिलिमीटर. म्हणजे काही किलोमीटर नाही, काही मीटरही नाही, जेमतेम दीड वीत.

गाठ पडल्यावर यंत्रांचं काय करायचं? समोरासमोर आलेली दोन यंत्रं त्याच वाटेवर ठेवता येत नाहीत, आणि सगळं यंत्र मागे ओढणंही शक्य नाही, कारण मागे अस्तर बसल्याने बोगदा त्याच्यापेक्षा अरुंद झालेला. म्हणून ब्रिटिश यंत्रांनी वाट वाकडी करून स्वतःला मार्गाबाहेर खडकात गाडून घेतलं आणि त्यांच्यावर काँक्रीट ओतलं. ती अजून तिथेच आहेत. फ्रेंच यंत्रांचे भाग सुटे करून काढले. फोकस्टनजवळ शोभेला ठेवलेलं एक यंत्र तर २००४ मध्ये ईबेवर विकलं गेलं.

तीन बोगदे का

आपण एक बोगदा म्हणतो, पण आहेत तीन. दोन रेल्वेचे, प्रत्येकी ७.६ मीटर व्यासाचे, एकमेकांपासून ३० मीटर अंतरावर. एक जाण्याचा, एक येण्याचा. आणि त्यांच्या मधे ४.८ मीटर व्यासाचा सेवा बोगदा. दर ३७५ मीटरवर आडव्या वाटा सेवा बोगद्याला दोन्ही रेल्वे बोगद्यांशी जोडतात. सेवा बोगद्यात रूळ नाहीत. तिथे रबरी टायरची खास वाहनं धावतात, देखभालीची, अग्निशमनाची, रुग्णवाहिकेची.

खरी मेख हवेच्या दाबात आहे. दोन्ही टोकांकडून ताजी हवा आधी सेवा बोगद्यात ढकलली जाते आणि तिथला दाब रेल्वे बोगद्यांपेक्षा नेहमी जरा जास्त ठेवला जातो. त्यामुळे आडव्या वाटेचं दार उघडलं की वारा सेवा बोगद्यातून बाहेर वाहतो, उलटा नाही. रेल्वे बोगद्यात धूर असला तरी तो सेवा बोगद्यात शिरू शकत नाही. प्रवाशांनी तिकडे पोचायचं, की ते सुरक्षित.

आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा असा २१ किलोमीटरचा बोगदा होतो आहे, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून. तिथे एकाच मोठ्या नळीत दोन्ही मार्ग आहेत. पण तिथे मालाने भरलेले डिझेलचे ट्रक गाडीवर चढवून न्यायचे नाहीत. चॅनल बोगद्यात ते रोज जातात, आणि तिथले सगळे मोठे अपघात त्यांच्याच गाड्यांना झालेत.

समुद्राखाली दोन ठिकाणी रेल्वेचे दोन्ही बोगदे एका विशाल गुहेत एकत्र येतात. तिथे गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाऊ शकते. त्यामुळे एखाद्या भागात दुरुस्ती असली, तर फक्त तेवढाच तुकडा बंद ठेवून बाकी वाहतूक चालू राहते. इंग्लंडकडची गुहा सुमारे १५६ मीटर लांब, २१ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच आहे. एरवी मधे मोठी दारं लावून दोन्ही मार्गांची हवा वेगळी ठेवतात.

बोगदा बांधून झाला आणि पाण्याची भीती बरीचशी संपली. झिरपणारं पाणी पंप बाहेर टाकत राहतात. त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक मोठी डोकेदुखी हवेशी निगडित आहे.

हवा ढकलणाऱ्या गाड्या

अरुंद नळीत गाडी शिरली की ती समोरची हवा रेटते, सायकलच्या पंपातला दट्ट्या रेटतो तशी. समोर दाब वाढतो, मागे कमी होतो, आणि गाडीची बरीच शक्ती निव्वळ हवा ढकलण्यात जाते. यावर उपाय म्हणून दर २५० मीटरवर दोन्ही रेल्वे बोगद्यांना जोडणाऱ्या २ मीटर व्यासाच्या नळ्या आहेत, सेवा बोगद्याच्या वरून गेलेल्या. गाडीपुढची दाबलेली हवा त्यांतून शेजारच्या बोगद्यात निसटते आणि गाडीच्या मागे परत येते. आग लागली तर या नळ्या झडपांनी बंद करता येतात, नाहीतर धूर पलीकडे जाईल.

ढकललेल्या हवेतली आणि इंजिनांतली शक्ती शेवटी उष्णता होते, आणि ती जाणार कुठे? सभोवतालचा खडक उष्णता पटकन शोषत नाही. थंड करण्याची सोय नसती तर बोगदा ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापला असता, असा हिशेब होता. म्हणून सँफायर हो आणि सांगात या दोन्ही ठिकाणी प्रचंड शीतकरण संयंत्रं आहेत. ती थंड केलेलं पाणी बोगद्यातल्या जाड नळांमधून सतत फिरवत ठेवतात. समुद्राखालच्या बोगद्याला मुद्दाम गार करावं लागतं, हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं.

ऊब आणि थंडी यांच्या या फरकाने १८ डिसेंबर २००९ च्या रात्री मोठा घोळ घातला. फ्रान्समध्ये बारीक भुकटीसारखा बर्फ पडत होता. युरोस्टार या लंडन-पॅरिस प्रवासी गाड्यांच्या इंजिनांत तो जाळ्यांमधून आत शिरला. गाड्या उबदार बोगद्यात आल्या, बर्फ वितळला, दमट हवेचं पाणी झालं, विजेच्या यंत्रणा बंद पडल्या. एकामागून एक पाच गाड्या आत अडकल्या. दोन हजारांहून अधिक प्रवासी, लहान मुलं, म्हातारी माणसं, रात्रभर.

आग

१८ नोव्हेंबर १९९६ रोजी ट्रक वाहून नेणाऱ्या गाडीला आग लागली. आगीसाठीचा नियम तेव्हा असा होता, की थांबायचं नाही, गाडी तशीच दुसऱ्या टोकाने बाहेर काढायची आणि तिथे विझवायची. कागदावर शहाणपणाचा. पण चालकाला गाडीत बिघाडाचा इशारा देणारा दिवा दिसला आणि बोगद्यातच थांबावं लागलं. धूर पुढच्या डब्यापर्यंत आला. सेवा बोगद्याचं दार उघडल्यावर तिथली जास्त दाबाची हवा बाहेर आली, धूर मागे सरला, आणि गाडीतले सगळे ३४ जण त्या दारातून बाहेर पडले. मेलं कुणी नाही. अस्तराचं काँक्रीट मात्र उष्णतेने तडकून ढलप्यांनी गळून पडलं, काही ठिकाणी तर अगदी पातळ थर उरला. तरी वरचं पाणी आत आलं नाही. चॉक मार्लने बांधताना मदत केली होती, ती या वेळीही केली.

११ सप्टेंबर २००८ ची आग त्याहून मोठी. ती विझायला सुमारे १६ तास लागले आणि बोगदा पूर्णपणे सुरू व्हायला फेब्रुवारी २००९ उजाडला. तेव्हाही जीवितहानी नाही. यानंतर नियमच बदलला. बोगद्यात चार ठिकाणी अग्निशमन स्थानकं बांधली, जिथे छतावरून आणि बाजूंनी पाण्याचे बारीक फवारे सुटतात. आता पेटलेली गाडी बाहेर नेण्याचा अट्टहास नाही. ती जवळच्या अशा स्थानकात आणून उभी करायची. पाणी ज्या बोगद्याबाहेर ठेवायला एवढा आटापिटा केला, त्याच बोगद्यात आता पाण्याचे फवारे बसवले आहेत.

प्रवास आणि पासपोर्ट

६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ आणि राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी बोगद्याचं उद्घाटन केलं. युरोस्टार त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला सुरू झाली. आता लंडन ते पॅरिस सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. बोगद्यात युरोस्टारचा वेग ताशी १६० किलोमीटर असतो. बाहेर फ्रान्समध्ये तीच गाडी ३०० ने पळते. मोटारी नेणाऱ्या गाड्या जवळजवळ ८०० मीटर लांब असतात आणि ३५ मिनिटांत पलीकडे पोचवतात, ताशी १४० ने. मोटारीतले लोक मोटारीतच बसून राहतात. ट्रकवाले मात्र ट्रक सोडून वेगळ्या डब्यात बसतात.

दोन्ही देशांच्या रेल्वे डावीकडून धावतात, हे एक बरं झालं. रस्त्यावर मात्र इंग्लंड डावीकडून, फ्रान्स उजवीकडून. बोगद्यातून मोटार घेऊन उतरल्यावर पहिल्या चौकात भांबावायचं ठरलेलं.

सीमेची तपासणी गाडीत बसण्याआधीच होते, तीही दोन्ही देशांची. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकात फ्रेंच अधिकारी बसतात, कोकेलला ब्रिटिश अधिकारी. भारतीय पासपोर्टवर हा प्रवास करायचा तर ब्रिटनचा आणि शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) असे दोन वेगळे व्हिसा लागतात. एकावर दुसरा चालत नाही. लंडनला आलोच आहोत तर एक दिवस पॅरिस करून येऊ, असं ठरवणाऱ्या नातेवाइकांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

माणसांइतकीच काळजी प्राण्यांची घेतली होती. ब्रिटनला तेव्हा युरोपातल्या रेबीजची फार धास्ती होती. कोल्हा-कुत्रा पायी चालत इंग्लंडात येऊ नये म्हणून तोंडाशी कुंपणं आणि विजेच्या जाळ्या लावल्या.

पैसा

बोगदा तांत्रिकदृष्ट्या जितका यशस्वी, तितकाच गुंतवणूकदारांच्या दृष्टीने क्लेशदायक. बांधकामाला सुमारे ४.६५ अब्ज पौंड लागले, अंदाजापेक्षा ८० टक्के जास्त. उशीर झाला म्हणजे उत्पन्न उशिरा, आणि कर्जावरचं व्याज मात्र पहिल्या दिवसापासून. शिवाय प्रवासीसंख्येचा अंदाज साफ चुकला होता. युरोस्टारला पहिल्याच वर्षी १ कोटी ५९ लाख प्रवासी मिळतील असं धरलं होतं. १९९५ या पहिल्या पूर्ण वर्षात मिळाले सुमारे २९ लाख. फेरीबोटींनी तिकिटं उतरवली, मग स्वस्त विमान कंपन्या आल्या. १९८७ मध्ये हौसेने शेअर घेतलेल्या, मुख्यतः फ्रान्समधल्या सामान्य लोकांचे पैसे बुडाल्यासारखेच झाले. २००६ मध्ये बोगदा चालवणाऱ्या युरोटनेल कंपनीला धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं आणि २००७ मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली. नंतर मात्र गाडी रुळावर आली. कंपनी आता गेटलिंक या नावाने ओळखली जाते. २०२२ पासून याच बोगद्यातून १,००० मेगावॉट क्षमतेची वीजवाहिनीही जाते, ब्रिटन आणि फ्रान्सच्या वीजजाळ्यांना जोडणारी. तिचं उत्पन्न वेगळं.

बोगदा चालवण्याचा हक्क आधी ५५ वर्षांचा होता. कर्जाचा डोंगर पाहून तो वाढवत वाढवत २०८६ पर्यंत नेला. मुदत संपली की बोगदा ब्रिटन आणि फ्रान्स या दोन सरकारांकडे जाईल. बांधताना हमीसुद्धा द्यायला दोघंही तयार नव्हती.